चौथीतला मुलगा 'कु' मोजून काढतो. बाराखडी चालू ठेवू की सोडू?

सहकारनगरची_कॅशियर

नमस्कार मंडळी. इतके दिवस इथं फक्त पाककृती आणि भांडणं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाले त्याला चार वर्षं झाली. शिकवण्याचा अनुभव शून्य. स्वतःच्या मुलीचा अभ्यास घेताना आम्ही दोघीही रडायचो, ते धरलं तर उणेच. जूनपासून पर्वतीच्या पायथ्याजवळच्या एका मराठी शाळेत सोम-बुध-शुक्र अकरा ते साडेबारा जाते. वर्गशिक्षिकेनं तिसरी-चौथीतली वाचनात मागे पडलेली सहा मुलं माझ्याकडे दिली आहेत. बसायला खोली मिळाली आहे ती पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवतात ती. बाहेर खिचडीला फोडणी बसली की आमचा वर्ग संपला असं समजायचं, घड्याळ बघावं लागत नाही.

पाच मुलांचं बरं चाललंय. प्रश्न सहाव्याचा आहे. चौथीत आहे. त्याला इथं 'भाऊ' म्हणते, कारण तो सगळ्यांना भाऊच म्हणतो. पहिल्या दिवशी मलाही "काय भाऊ, नवीन का?" असं विचारलं. वडील मार्केट यार्डात टेम्पो चालवतात, आई चार घरी पोळ्या करते. मुलगा बोलायला इतका चुरचुरीत की याला वाचता येत नसेल असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

माझ्याही आलं नाही. पहिले दोन आठवडे मी त्याला वाचणारा मुलगाच समजत होते. चौथीचं बालभारती उघडलं की खडाखडा वाचायचा, ओळीवरून बोट फिरवत, पूर्णविरामाला थांबत. एक दिवस काय झालं, धड्याची दोन पानं खिचडीच्या तेलानं एकमेकांना चिकटली होती. त्यानं पान उलटलं आणि जे पान समोर नव्हतंच तेही वाचून काढलं! मी काहीच बोलले नाही. तीस वर्षं नोटा मोजल्यात, खोटी नोट हाताला कळते. ही कळली नव्हती याचाच राग आला, स्वतःचा. मग मधल्याच ओळीतला एक शब्द बोटानं दाखवला. 'पिशवी'. तो शब्दाकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इपशवी?" आणि लगेच, "भाऊ, पाणी पिऊन येऊ?"

त्या दिवशी तो परत आला नाही.

मग मी माझ्या बुद्धीनं ठरवलं की पायाच कच्चा आहे, बाराखडीपासून घेऊ. आम्ही तसंच शिकलो होतो. भिंतीवर तक्ता होताच. त्यात 'ई ईडलिंबूचा'. हे फळ मी स्वतः चौसष्ट वर्षांत पाहिलेलं नाही, त्याला काय सांगणार? असो. दोन महिने दर वेळी दोन ओळी लिहायला दिल्या, म्हणून घेतल्या. म्हणतो झकास, सुरात. 'क का कि की' सुरू झालं की बाहेरच्या खिचडीवाल्या मावश्यासुद्धा मान डोलावतात. पण मी नुसता 'कु' लिहून "हे काय?" विचारलं की डोळे मिटतो, ओठ हलतात, बोटं एकेक करून मुडपतो, क, का, कि, की, कु, आणि पाचव्या बोटावर डोळे उघडून सांगतो, "कु!" बरोबर असतं. 'मौ' विचारला तर बोटं संपतात आणि पुन्हा पहिल्यापासून.

'घ' आणि 'ध' त्याला एकच वाटतात. 'भ' आणि 'म' सुद्धा. 'पाणी' कायम 'पानी' वाचतो, मी दर वेळी दुरुस्त करते. घरी कुठली भाषा बोलता विचारलं तर "आमचं आपलं" एवढंच सांगतो. त्याच्या आईला निरोप पाठवला की रोज अर्धा तास वाचून घ्या. ती भेटायला आली नाही.

आता तो शुक्रवारी दांडी मारायला लागलाय. मला विचारायचंय ते हे: बाराखडी पक्की होईपर्यंत तीच धरून बसू, की सोडून सरळ गोष्टी वाचायला देऊ? आणि दुसरं, माझ्यासारख्या बिगर-शिक्षकीनं हे करावं का? कारण अडीच महिन्यांत मी त्याला फक्त एक गोष्ट नक्की शिकवली आहे, ती म्हणजे त्याला वाचता येत नाही हे मला कळलंय.

---

फळापुसणी

बाई, तुमचा राग नका मानू, मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तर होतो, बोलणं तसंच राहिलंय.

बाराखडी उद्यापासून बंद. तो बाराखडी वाचत नाही, गातो. गाणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी. 'कु' वेगळा ओळखता येत नाही म्हणजे त्याच्या लेखी उकाराला स्वतःचा आवाजच नाही, फक्त रांगेतला पाचवा नंबर आहे. दहा हजार वेळा म्हणून घेतली तरी नंबरच पक्का होईल.

असं करा. थोडी अक्षरं घ्या, एकच चिन्ह घ्या, आणि त्याच दिवशी त्यांचे शब्द करा. क म र ल स त आणि फक्त काना. किती शब्द होतात बघा: काम, माल, तार, तास, मासा, लाल, तारा, मामा, काका. पोराचा बाप मार्केट यार्डात आहे ना? मग 'माल' हा त्याचा शब्द आहे, तुमचा 'कमल' नाही. ही अक्षरं हाताखाली आली की ग ण ळ भ व आणा आणि मात्रा, वेलांटी एकेक करून जोडा. भाव, गाळा, गोणी. मी भवानी पेठेत होतो तेव्हा हमालांच्या पोरांना 'बारदान' हा शब्द 'बदक'च्या आधी यायचा. ईडलिंबू भिंतीवरच राहू द्या.

'इपशवी' वाचला ते चुकीचं नाही हो, उलट मला बरं वाटलं. तो डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचतोय. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी येते आणि तोंडात नंतर. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही. पुठ्ठ्याचे तुकडे करा. 'प' त्याच्या हातात द्या, तो 'प' म्हणेल, मग तुम्ही डावीकडून वेलांटी आणून चिकटवा, तो 'पि' म्हणेल. पंधरा-वीस अक्षरांना हाच खेळ. म्हणजे वेलांटी दिसली की तोंड थांबवायचं आणि पुढचं अक्षर बघायचं ही सवय लागते. पहिली-दुसरी वेलांटी, ऱ्हस्व-दीर्घ असली भांडणं आत्ता काढू नका.

घ-ध आणि भ-म: दोन्ही जोड्या एका दिवशी समोरासमोर ठेवून "बघ फरक" करू नका, आणखी घोळ होतो. आधी एक पक्कं, दुसरं पंधरा दिवसांनी. आणि डोक्यावरची रेघ बघायला शिकवा. 'ध' आणि 'भ' यांची शिरोरेषा तुटलेली असते, 'घ' आणि 'म' यांची सलग. 'थ' आणि 'य' मध्येही तेच. माझी पोरं म्हणायची, "गुरुजी, ध चं छप्पर गळतंय." तेवढं पुरतं.

अजून एक. समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलं की पोर अक्षर सोडून तुमचा चेहरा वाचतं. ते त्याला उत्तम वाचता येतंय, तुम्हीच लिहिलंय.

---

राजकारणी_नाही_मी

हे काम शासनाचं आहे. तुमच्यासारख्या फुकट काम करणाऱ्यांमुळेच भरती होत नाही. बाकी चालू द्या.

---

कोथरूड४११०३८

सरळ सरळ डिस्लेक्सियाची लक्षणं आहेत. अक्षरं उलटसुलट होणं, 'इपशवी' वगैरे. ताबडतोब टेस्ट करून घ्या.

---

फळापुसणी

@कोथरूड४११०३८, ज्या पोराला 'कि' कधी सुटा दाखवलाच नाही त्यानं तो चुकवला तर तो आजार नसतो. असेलही तसं काही, नाही म्हणत नाही. पण आधी महिना-दोन महिने नीट शिकवून बघू, मग शंका राहिली तर तज्ज्ञाकडे. त्याच्याही आधी डोळे तपासा. शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, दृष्टी बघतं. तुमचा भाऊ त्या दिवशी हजर होता का ते विचारा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून पाठ करणारी किमान चार पोरं माझ्या हातून 'ढ' ठरली आहेत. ते अजून खुपतं.

---

शनिवारवाला

काकू, मी आयटीवाला, हडपसरला राहतो, दोन वर्षं शनिवारी एका वस्तीत वाचनाचा वर्ग घेतला. मास्तरांचं सगळं पटलं, एक भर घालतो.

तुम्ही 'बिगर-शिक्षकीनं करावं का' विचारलंय. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचा बालसखी म्हणून उपक्रम होता. वस्तीतलीच थोडीफार शिकलेली मुलगी, थोडंसं प्रशिक्षण, आणि तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज दोन तास तिच्याकडे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, दोघांनाही पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं. मुलं खरोखर सुधारली होती आणि सर्वांत जास्त फायदा सगळ्यांत मागच्यांना झाला होता. त्या सख्या बी.एड. नव्हत्या. मूल कुठल्या इयत्तेत आहे यापेक्षा त्याला आज काय येतं तिथून सुरुवात, एवढंच त्यातलं इंगित.

ते कळायला 'असर' या, मुलांना कितपत वाचता येतं ते बघणाऱ्या पाहणीची पद्धत वापरा, दहा मिनिटांत होते. पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा द्या. जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. नाही जमला तर सुटे शब्द, पाचातले चार यायला हवेत. तेही नाही तर अक्षरं. आणि भाऊ एकटाच आहे असं वाटून घेऊ नका. २०२४ च्या 'असर'मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी कमीच मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली. त्यात पुणे शहर नाही, पण माझ्या वस्तीतलं चित्र फार वेगळं नव्हतं.

मास्तरांशी एका बाबतीत जरासा असहमत (घाबरत लिहितोय). पुठ्ठ्याचे तुकडे चालू असताना गोष्टही हवीच. त्यानं वाचायची नाही, तुम्ही वाचून दाखवायची. शेवटची दहा मिनिटं. नाहीतर वाचन म्हणजे हमाली एवढंच त्याच्या डोक्यात राहील. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट मिळतात, पातळीनुसार लावलेल्या. पहिल्या पातळीच्या निवडून मी कागदावर छापून घ्यायचो. मोबाइल दिला की पोरं गोष्ट सोडून गेम शोधतात.

आणि शुक्रवारच्या दांड्या. माझा अनुभव सांगतो, लाज वाटते पण सांगतो. कंपनीत रिलीज होतं म्हणून मी सलग तीन शनिवार गेलो नाही. चौथ्या शनिवारी एक मुलगी माझ्याकडे बघेचना. तिनं त्या तीन शनिवारी दाराशी बसून वाट बघितली होती हे तिच्या भावाकडून कळलं. तिला पुन्हा पुस्तक उघडायला लावायला मला दिवाळी उजाडली. तेव्हा तो आला नाही तरी तुम्ही जा, आणि सोमवारी दिसल्यावर "का आला नाहीस" विचारू नका. मागची गोष्ट कुठपर्यंत आली होती तेवढं सांगा.

---

गोरमाटी_पुणेरी

मी बहुतेक वाचूनच जाते, पण "आमचं आपलं" वाचलं आणि थांबले.

काकू, तो लाजतोय. आम्ही विजापूरकडचे लमाण. माझे आईवडील बांधकामावर पुण्यात आले, मी पुण्यातच महापालिकेच्या शाळेत शिकले. पहिलीत बाईंनी विचारलं घरी काय बोलता, मी "गोरमाटी" म्हटलं, सगळा वर्ग हसला. त्यानंतर मीपण कुणी विचारलं की "आपलंच" म्हणायचे. तुमच्या भाऊची भाषा गोरमाटी असेल, कन्नड असेल, वडारी असेल, नाहीतर मराठवाड्यातली मराठीच असेल. पण ती पुस्तकातली नाही एवढं त्याला पक्कं माहीत आहे.

म्हणून 'पानी'. त्यानं 'पाणी' हा शब्द ओळखला, अर्थ कळला, आणि त्याच्या घरच्या तोंडानं बोलला. ही वाचनाची चूक नाही हो. तुम्ही दर वेळी दुरुस्त करता तेव्हा त्याला कळतं ते असं: मी बरोबर वाचलं तरी चूक. मग कशाला वाचायचं? पाठ केलेलं बरं, त्यात कुणी टोकत नाही.

मीपण पाठ करायचे. आख्खं पुस्तक. शेजारच्या मुलीनं पान उलटलं की मी उलटायचे. पाचवीत पकडले गेले.

आणि आईला "वाचून घ्या" असा निरोप पाठवू नका. ती आली नाही कारण तिला बहुतेक वाचता येत नाही, आणि ते शाळेत येऊन सांगायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला नाही कळणार. माझी आई शाळेच्या गेटाबाहेर उभी राहायची, आत कधीच नाही. तिला निरोप द्या की "पोरगं छान बोलतं, घरी गेल्यावर त्यानं आज काय ऐकलं ते विचारा." हे तिला जमेल.

मला ज्या बाईंनी वाचायला शिकवलं त्यांनी पुस्तक बाजूलाच ठेवलं होतं. मी बोलायचे, त्या लिहायच्या, माझ्याच शब्दांत. "आमी सिमिटाच्या गोनीवर झोपतो." असंच लिहिलं, सुधारलं नाही. मग तेच मला वाचायला दिलं. पुढे काय येणार ते मला माहीत होतं, पण पाठ नव्हतं. तो फरक करून बघा.

---

सहकारनगरची_कॅशियर

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, मध्ये गणपती झाले, नवरात्र झालं, सहामाही झाली.

गोरमाटी ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस इथं आलेच नाही. 'पानी' मी किती वेळा दुरुस्त केलं असेल याचा हिशेब करत बसले. हिशेबाची सवय जात नाही.

बाराखडीचा तक्ता काढला नाही (शाळेचा आहे), पण त्याच्याकडे पाठ फिरवून बसतो. शेजारी शेजारी, पोत्यांवर. जुन्या साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले. पहिले दोन आठवडे काही विशेष झालं नाही, खरं सांगते. 'माल' आणि 'लाल' यांतच घोटाळे. तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी त्याला म्हटलं, तू सांग, मी लिहिते. तो सांगायला लागला आणि माझा हात दुखून आला. वडिलांबरोबर पहाटे टेम्पोतून गेला होता त्याची गोष्ट. कोथिंबिरीचा भाव पडला म्हणून एका माणसानं जुड्या तिथंच टाकून दिल्या आणि गाई आल्या. "गाईला काय मज्या भाऊ." मी तसंच लिहिलं, 'मज्या' सकट. सात ओळी.

वाचायला दिलं तेव्हा पहिली ओळ घडाघड म्हणाला आणि मला वाटलं झालं, हेही पाठ. पण दुसऱ्या ओळीत मी एक शब्द चुकून गाळला होता. तो तिथं थांबला, बोट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही 'पप्पा' खाल्ला इथं." चिकटलेल्या पानावरचं वाचणारा मुलगा हा.

अजून उतारा जमत नाही. 'असर'च्या हिशेबानं शब्दांवर आहे, पाचातले चार येतात, एखाद्या दिवशी तीन. 'कु'ला बोटं लागत नाहीत, 'मौ'ला अजून लागतात. घ-ध सुटलं, छपराची युक्ती लागू पडली. भ-म अजून सुरू केलं नाही. शुक्रवारी चारातून तीनदा येतो. आई एकदा आली, गेटाबाहेरच उभी होती, मीच बाहेर गेले. दोघी पाच मिनिटं कोथिंबिरीच्या भावावर बोललो.

आता नवा प्रश्न. परवा शाळा सुटल्यावर स्टॉपवर मी बसची वाट बघत होते, तो बरोबर होता. पाटी वाचून म्हणाला, "कातरज." मग स्वतःच, "पण सगळे कात्रज म्हणतात. हे असं का लिवलंय?" आणि 'त्र'वर बोट. मी जोडाक्षरांना अजून हात लावलेला नाही, काना-मात्राच चाललंय. सुरू करू का, की थांबू?

---

फळापुसणी

त्यानं विचारलंय ना, मग थांबायचं कशाला? फक्त 'त्र' घ्या, बाकीची जोडाक्षरं नकोत. कात्रज, कुत्रा, रात्र, छत्री. कुत्रा आधी.

डोळ्यांचं काय झालं ते लिहिलंच नाहीत तुम्ही.

---

सहकारनगरची_कॅशियर

राहूनच गेलं, मास्तर. पथक आलं तेव्हा भाऊ गैरहजर होता. शनिवारी मीच घेऊन जातेय, आईला विचारलंय.